लाल कड्याचा कुरव

१७ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. या हिवाळ्यात गोमतीवर येणाऱ्या कुरवांचा अभ्यास. लोक त्यांना सीगल म्हणतात, घाटावरचे नाववाले साइबेरियन म्हणतात. मराठीत शब्द आहे तर मी कुरवच म्हणणार. परदेशात या पक्ष्यांच्या पायात नंबराचं कडं अडकवतात. आपण तो नंबर वाचून कळवायचा, की पक्षी कुठून निघाला ते समजतं. रेल्वेत मी जन्मभर वॅगनचे नंबर वाचले. धावत्या मालगाडीचे वाचले. पक्षी तर उभा राहतो.

दुसरं कारणही लिहून ठेवतो. आमच्या शिवांगीला पुण्यात मुलगी झाली. फेब्रुवारीत तिची रजा संपते. तिच्याच इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय. आम्ही दोघांनी कायमचं तिकडे यावं, बाळ सांभाळावं, असं तिचं म्हणणं. विजया मनाने केव्हाच पोचली आहे. मला नाही जायचं. इथे अलीगंजात पानवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत मी सरवटेसाहब आहे. तिथे कोण? बाळाचे आजोबा. ही काय पोस्ट झाली?

शेवटी करार केला. होळीपर्यंत एक तरी कडं वाचलं तर लखनौ, नाही वाचलं तर पुणं. विजया हसली. चालेल म्हणाली. बिचारी.

२१ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला निघायचं होतं. गजर कुणीतरी बंद केला. विजया म्हणते, तुम्हीच केलात आणि वर मला गप्प बस म्हणालात. शक्यता कमी वाटते.

उद्यापासून नियमित.

२२ नोव्हेंबर

थंडी.

२४ नोव्हेंबर, रविवार

नक्खासच्या रविवार बाजारात दुर्बीण घेतली. मिलिटरीची आहे असं विकणारा म्हणाला. घासाघीस करून घेतली, त्याचा चेहरा पडला होता. उजव्या डोळ्याला एक उभी काळी रेघ दिसते. घरी पुसली, गेली नाही. सवय होईल.

१ डिसेंबर, रविवार

सापडलं!

सकाळी कुडिया घाटावर. धुकं विरळ. लोक नावेतून बेसनाची शेव उधळत होते आणि कुरव हवेतल्या हवेत झेलत होते. पक्ष्यांना तळलेलं घालू नये, असं मी एका कुटुंबाला समजावलं. त्यांनी मला शेवेचं पाकीट देऊ केलं. थोडी खाल्ली. ताजी होती. तेवढ्यात एका रिकाम्या नावेच्या काठावर एक कुरव येऊन बसला आणि त्याच्या उजव्या पायात लालभडक कडं! पहिल्याच महिन्यात. लोक वर्षानुवर्षं हिंडतात आणि त्यांना मिळत नाही.

नंबर नीट दिसला नाही, पण सुरुवातीला १ आहे हे नक्की. उभा, काळा, ठसठशीत.

घरी येऊन विजयाला सांगितलं, मुक्काम पोस्ट लखनौ. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

८ डिसेंबर

तोच पक्षी, तीच नाव. त्याचं नाव 'साहेब' ठेवलं.

वॅगनच्या नंबरात शास्त्र असतं. पहिले आकडे प्रकार सांगतात, मग मालक रेल्वे, मग बनावटीचं वर्ष. कड्यालाही हेच लागू असणार, शेवटी इंजिनियर सगळीकडे सारखाच विचार करतो. १ ने सुरुवात म्हणजे उघडी वॅगन. पक्ष्याला तंतोतंत बसत नाही, पण दिशा बरोबर आहे.

जाता जाता एक नोंद. बाल्कनीतून दुर्बिणीने खाली पाहिलं तर भाजीवाल्याच्या ठेल्यावर, विजयाच्या शालीवर आणि समोरच्या मारुतीच्या देवळावरही १ दिसला. योगायोग.

१५ डिसेंबर

आज विजयालाही नेलं. म्हटलं, बघ, कशासाठी आपण थांबतोय. तिने दुर्बीण घेतलीच नाही. डोळ्यांवर हात आडवा धरून बघितलं आणि म्हणाली, अहो, तो पूजेचा धागा आहे. कलावा. कार्तिकी पौर्णिमेला लोकांनी मनगटावरचे सोडले ना नदीत, त्यातलाच गुंतलाय. खरं तर काठावर लाल-पिवळ्या धाग्यांचा खच पडला होता, पण म्हणून काय रशियातला पक्षी कलावा बांधून हिंडेल? मी हसलो. ती म्हणाली, हसताय काय, त्याला तो काचतोय, बघा कसा पाय वर धरलाय.

तिला समजावून सांगितलं की कुरव एका पायावर विश्रांती घेतात, पुस्तकात आहे. परतताना रिक्षात ती म्हणाली, शिवांगीला काय ते एकदा कळवून टाका, पोरगी खोळंबून बसलीय. मी म्हटलं, कळवतो.

विजयाला निरीक्षणाची सवय नाही.

२९ डिसेंबर

गेले अनेक दिवस धुकं. घाटावर गेलो तर घाटच दिसत नव्हता. कुरवांचे आवाज ऐकून परत आलो. आवाजावरूनही अभ्यास होतो.

शिवांगीचा फोन. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, लखनौत वाढलेली. म्हणाली, पापा, हाँ या ना, कुछ तो बोल दीजिए, नीचेवाले मकानमालिक पूछ रहे हैं. मी म्हटलं, बेटा, रिसर्च नाजूक टप्प्यावर आहे. ती म्हणाली, संक्रांति तक बता दीजिए प्लीज. मी अच्छा म्हटलं. अच्छा म्हणजे हो नव्हे. पण तिने तसं घेतलं असावं.

१४ जानेवारी, संक्रांत

मराठी मंडळाचं तिळगूळ. मेजर धैर्यशील भेटले, छावणीत असतात, लष्कराच्या घोड्यांचे डॉक्टर, मूळचे साताऱ्याचे. त्यांना साहेबाचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. माणूस भला आहे पण घोड्यांतच रमलेला. फोटो मोठा करून म्हणाले, सरवटेकाका, हे कडं वाटत नाही. पाय सुजलाय. एका रविवारी येतो, जाळं टाकून धरू, धागा कापून सोडून देऊ, पाच मिनिटांचं काम.

मी स्वच्छ नाही म्हटलं. निरीक्षकाने हस्तक्षेप करायचा नसतो. आणि ऐन मोक्याला कडंच कापून टाकलं तर वाचायचं काय? मेजर म्हणाले, बघा, उशीर झाला तर पाय जाईल. मी तिळगूळ दिला आणि विषय बदलला.

रात्री विजयाने विचारलं, आज संक्रांत, शिवांगीला काय सांगायचं? मी म्हटलं, होळीनंतर. तिने तसंच कळवलं असेल. तोंड फिरवून झोपली.

तिळगूळ खाऊन गोड बोलायला हवं होतं, असं आता वाटतंय. उद्या बोलेन.

२६ जानेवारी

साहेब आता सतत एका पायावरच उभा असतो. काय रुबाब! बाकीचे कुरव शेवेसाठी झोंबाझोंबी करतात, हा बाजूला. मी शेव टाकली तर उडालाही नाही, कावळ्यांनी नेली. मानी पक्षी.

परदेशातल्या कडी घालणाऱ्यांच्या ऑफिसला ईमेल पाठवला. फोटो जोडला. नंबर '१' आणि पुढचं अस्पष्ट, असं लिहिलं. सोबत माझी वॅगन-पद्धत दोन पानांत समजावून सांगितली. त्यांना उपयोग होईल.

घरात विजयाने दोन खोके बांधून ठेवलेत, बाळासाठी शिवलेली दुपटी वगैरे. मी म्हटलं, एवढी घाई कशाला. ती म्हणाली, पार्सलने पाठवतेय, होळीपर्यंत लहान होतील.

९ फेब्रुवारी

उत्तर आलं! उघडण्याआधी देवाला नमस्कार केला. विजयाला हाक मारली, ती फोनवर होती.

तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी फार सौजन्याने लिहिलंय. पहिली ओळ आभाराची. दुसरी, की हे कडं नसून दोरा दिसतो, आणि अशी गाठ हाडापर्यंत काचते. तिसरी, की जवळपास कुणी पशुवैद्य असेल तर कृपया तातडीने मदत मिळवावी. वॅगनबद्दल एक अक्षर नाही.

कदाचित फोटो नीट उघडला नसेल त्यांच्याकडे.

विजया फोन ठेवून आली आणि सांगलीबद्दल काहीतरी सांगत होती. मी हं हं म्हटलं. लक्ष नव्हतं.

१० फेब्रुवारी

चष्मा घालून, दुर्बीण न घेता, फोटो मोठा करून पाहिला. धागा आहे. लालात पिवळा पीळही दिसतो. गाठ दिसते. गाठीखालचा पाय वर्णन करण्यासारखा नाही.

१ दुर्बिणीतच होता.

मेजर धैर्यशीलांना फोन केला. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. रविवारी येतो म्हणाले.

१६ फेब्रुवारी

मेजर जाळं, कात्री, औषध सगळं घेऊन आले. सकाळपासून दुपारपर्यंत थांबलो. साहेब आला नाही. मेजर म्हणाले, पुढच्या आठवड्यात ते लष्करी एक्सरसाइजला बाहेर जाणार आहेत, दिसला तर कळवा, कुणाला तरी पाठवतो. मी त्यांना शेव देऊ केली. नको म्हणाले.

तरी निराश व्हायचं कारण नाही. दुसरा एखादा खऱ्या कड्याचा पक्षी असेलच. होळीला अवकाश आहे.

२ मार्च

घाटावर नवीनच जात आली आहे! कालपर्यंत डोकी पांढरी, आज काळी टोपी घातलेले. उत्साहाने मेजरांना फोटो पाठवला. त्यांनी बाहेरगावाहूनही लगेच उत्तर दिलं: तेच पक्षी आहेत काका, निघायच्या आधी त्यांची डोकी काळी होतात.

म्हणजे निघाले.

घाटावरून निघताना मी सगळ्यांकडे एकदा बघितलं. एक नावेच्या काठावर उतरताना कलंडला, पंख मारून सावरला. साहेब. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. धागाही नव्हता. मला रडू आलं, शेजारी शेव उधळणारे होते म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं. पाच मिनिटांचं काम होतं. जानेवारीत.

१२ मार्च

नदीवर एकही कुरव नाही.

खूप विचार केला. पुण्याला जायचं. हरलो म्हणून नव्हे, मोठ्या मनाने. विजयाने या हिवाळ्यात फार सोसलं. बाळाला रोज फिरायला नेईन. मुळा-मुठेवरही पक्षी असतीलच. होळीच्या दिवशी सांगायचं, तिला आश्चर्याचा धक्का.

१४ मार्च, होळी

दुपारी रंग धुऊन झाल्यावर विजयाला समोर बसवलं. म्हटलं, करार तो करार. कडं वाचलं गेलं नाही. आपण पुण्याला जातोय. आज शिवांगीला सांगून टाक.

मला वाटलं, उठून नाचेल. ती गुजिया हातात धरून नुसती बघत राहिली. म्हणाली, कुठे जायचं? शिवांगीच्या सासूबाई सांगलीहून आल्यात, महिना होऊन गेला. खालचा फ्लॅट त्यांनीच घेतला. तुम्हाला सांगितलं होतं मी, तुम्ही हं हं म्हणालात. पोरगी संक्रांतीपर्यंत थांबली, त्यानंतरही थांबली. कामावर जाणाऱ्या बाईने आणखी किती थांबायचं?

मी म्हटलं, मी बोलतो तिच्याशी, मी सांगितल्यावर ऐकेल. स्पीकरवर लावला. शिवांगी म्हणाली, पापा, अब तो सब सेट हो गया. आप लोग गर्मी में आइए ना, हफ्ता-दस दिन के लिए. रागावून नाही, प्रेमाने म्हणाली, आपण पाहुण्यांना म्हणतो तसं. मागे बाळ खिदळत होतं आणि कुणीतरी वयस्कर बाई त्याला आणखी हसवत होती. विजया फोनपाशी वाकून ऐकत होती. फोन बंद झाला तरी तशीच वाकून होती.

म्हणजे लखनौ सुटलं नाही. मला हवं होतं तेच झालं. हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिच्या शेजारी जाऊन बसलो. माझं चुकलं म्हणालो. ती म्हणाली, हो. खाली पोरं अजून रंग खेळत होती.

अंधार पडल्यावर ती उठली. विचारलं, जेवायला काय करू? मी सवयीने म्हटलं, सांगतो. ती दारातच थांबली, माझ्याकडे पाहत.

मी लगेच म्हटलं, खिचडी.