घोंगड्यांखालची संत्री

कान्ये,
४ जुलै १९८८

ती. केबोनांगदादास,
गालेबोएचा सा. न. वि. वि.

तुझी छाती आता कशी आहे? खोकला उतरला का, की अजून तपकीर ओढून शिंका काढतोस आणि त्यालाच औषध म्हणतोस? वहिनींचे गुडघे या जुलैच्या थंडीत कसे आहेत? माउनला पुराचं पाणी आलं का? इकडे आईचा एक डोळा पार गेला, पण उरलेल्या डोळ्यानं ती शेजारणीची शेळी आमच्या कुंपणात शिरायच्या आधी ओळखते. माझं ठीक चाललं आहे.

माझी सेतुन्या आणि जावईबापू पाको परवा पहाटेच्या बसनं निघाले, एव्हाना तुझ्या अंगणात असतील. नवी लग्नाची जोडी, माणसं बघायला जाईल म्हटलं तर ही दोघं तुझी गाडी घेऊन रानात निघाली. सोबत वाटाड्या नाही, कुणी नाही. गाडीच्या टपावर तंबू लावून झोपणार म्हणे. आई म्हणाली, सिंहांच्या शेजारीच झोपायचं होतं तर पोरीला शाळेत कशाला घातली, गुरांमागे ठेवली असती. जावई हसला. मला हसू आलं नाही. दादा, तू मामा आहेस. लग्नात मामाचा मान म्हणून बैलाचं डोकं तुझ्या वाट्याला गेलं, तेव्हा पोरगी सुखरूप परत आणणंही तुझ्याच वाट्याला.

एक गंमत सांगते, तिला कळू देऊ नकोस. घोंगड्यांसाठी मी माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक दिली आहे. खायचं काही देऊ नकोस, सगळं माउनला घेऊ, असं तिनं मला बजावलं होतं. म्हणून सगळ्यात खाली माझ्या तपकिरी शालीत बांधून संत्री ठेवली. लोबात्सेची आहेत, नुसतं नख लागलं तरी घर भरून वास सुटतो. थंडी वाढली, खालची घोंगडी काढली की सापडतील. रानात आई आठवेल.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
गालेबोए


माउन,
१० जुलै

चि. सेतुन्या हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बरी ना? पाको बरा ना? गाडी बरी ना? तिघांची खुशाली एका दमात विचारतो, कारण ख्वाईला पीठ घेऊन जाणारा ट्रकवाला इंजिन चालू ठेवून उभा आहे आणि माझ्याकडे बघून डोकं खाजवतो आहे. हे पत्र तो रानाच्या उत्तरेच्या गेटवर ठेवील. तुम्ही त्याच वाटेनं बाहेर पडणार, म्हणून तिथे.

आता जिथे उभी असशील तिथेच वाच. ट्रंकेत घोंगड्यांच्या तळाशी तुझ्या आईनं संत्री ठेवली आहेत. तिचं पत्र आज आलं, वाटेत बस बिघडून पडली होती. तुम्ही काल सकाळीच गेलात.

कान्येच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? तिकडे हत्ती फक्त आपल्या कुळाच्या नावात उरला आहे. इकडे तो खराखुरा आहे, आणि संत्र्याचा वास त्याला कुठून कुठे लागतो. मग मध्ये पत्रा आहे की काच, ते तो बघत नाही. आत शिरताना गेटवर तुम्हाला विचारलं असेल, फळं आहेत का. तुम्ही नाही म्हणाला असाल, आणि खरंच बोलला असाल, हेच माझ्या जिवाला लागून राहिलं आहे. पाहुण्यांना रानात न्यायचो तेव्हा मी आधी त्यांच्या पिशव्या हुंगायचो. तुमच्या हुंगल्या नाहीत, घरची माणसं म्हणून. आणि हुंगून तरी काय, तपकिरीनं नाकाची वाट लावली आहे. तुझी मामी तेवढंच बोलते आहे सकाळपासून.

संत्री असतील तर रस्त्यात फेकू नका, मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल. पुरूही नका, तो उकरतो. गेटवरच्या माणसांना द्या, त्यांना तिथेच खायला लावा आणि हात धुवा. आणि तो आधीच आला, तर टपावर चढून पडून राहा. बत्ती नको, भोंगा नको. गाडी त्याची समजा, मी मागायला येणार नाही. आपण हत्तीच्या कुळातले म्हणून त्याला नातं सांगायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

गाडी तुमच्याकडे, म्हणून मी इथे अंगणात फेऱ्या मारतो आहे. ट्रकवाला आता भोंगा वाजवतो आहे. दोन ओळी का होईना, लगेच धाड.

तुझा मामा,
केबोनांग


ख्वाई, उत्तर गेट,
१२ जुलै

ती. मामास,
सेतुन्याचा सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: आम्ही दोघं धड आहोत. आता बसा, मामींनाही बसवा.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. हत्ती काल आला.

पहिले दोन दिवस काही झालं नाही, वरच्या घोंगड्यांवर भागलं. काल नदीकाठी मुक्काम केला. ऊन उतरत होतं, पाकोनं चुलीवर लापशी ठेवली होती. झाडीतून तो इतका हळू आला की आधी मला सावलीच वाटली. आम्ही शिडीवरून टपावर चढलो आणि तंबूत पालथे पडलो. त्यानं लापशीकडे बघितलंही नाही. सरळ गाडीच्या मागच्या दाराशी आला आणि दाराला सोंड लावून उभा राहिला. मग काच फुटली. मग सगळी गाडी पाण्यातल्या होडीसारखी हलायला लागली, आणि आम्ही तिच्यावर.

तुम्ही मला चांगलं ओळखता. मी पुटपुटायला लागले की अरे, मी तुझ्याच कुळातली, अमक्याची नात. पाकोनं माझ्या तोंडावर हात दाबला. आज सकाळी तो म्हणाला, आम्ही मगरीच्या कुळातले, निदान निपचित पडून राहणं तरी आम्हाला येतं.

दार निखळलं. त्यानं ट्रंक ओढून बाहेर काढली आणि तिच्यावर पाय ठेवला. पत्रा दबल्याचा आवाज झाला आणि त्याच्यामागून वर वास आला. मामा, तोवर मला काही कळत नव्हतं की आमच्यात याला हवंय तरी काय. तो वास आला आणि कळलं, हे आईचं काम आहे. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि तोंडावर हात तसाच होता. अंधार पडेपर्यंत तो खात राहिला, अगदी सावकाश, सालीसकट.

एक संत्रं गडगडत गाडीखाली जाऊन पुढच्या चाकामागे अडकलं होतं. तुम्ही लिहिलंत तसं इथे गेटवरच्या रखवालदाराला दिलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग निखळलेल्या दाराकडे, आणि सोलायला बसला. मी त्याच्याकडून एक फोड मागून घेतली. फार गोड होती.

दार दोरीनं बांधलं आहे, तसेच परत येतो आहोत. एकच मागणं आहे: आईला सांगू नका. कळलं तर ती पुन्हा कधी कुणाच्या पिशवीत काही घालणार नाही.

आपली,
सेतुन्या


माउन,
२० जुलै

चि. गालेबोए हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

मुलं आली, चार दिवस राहिली, मामीनं त्यांना खाऊ घालून हैराण केलं. दोघांची प्रकृती छान आहे. तुझी घोंगडी आणि शाल धुऊन त्यांच्याबरोबर पाठवली आहेत. संत्रं एकही उरलं नाही. पुढच्या खेपेला मात्र शेंगदाणे देत जा, या रानात संत्री टिकत नाहीत. आईला नमस्कार. काळजी करू नकोस.

तुझा,
केबोनांग


कान्ये,
३० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुलंही पोचली. सामान मी स्वतः उघडलं. घोंगडी आली, शाल आली. ट्रंक आली नाही, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही आधी विचारलं नाही.

मग शाल वाळत घातली. तिच्यावर मातीचा गोल डाग आहे, ताटापेक्षा मोठा, धुऊनही गेलेला नाही. मला वाटलं टोपलीखाली चेपली असेल. आई काठी टेकत आली, उरल्या डोळ्यानं जरा वेळ बघत उभी राहिली, आणि म्हणाली, हे पाऊल आहे. कुणाचं ते सांगितलं नाही. आमच्या कुळात ते सांगावं लागत नाही.

सेतुन्याला विचारलं तर म्हणते संत्री फार गोड होती. तू म्हणतोस एकही उरलं नाही. दोघंही खरं बोलता आणि मला काही सांगत नाही. हल्ली बाजारात मी संत्रीवालीला चुकवून पलीकडून जाते.

ट्रंकेचं मला काही नाही, दादा. मला एवढंच लिही की तो पाय पडला तेव्हा माझी पोरगी कुठे होती. चांगलं वाटेल असं लिहू नकोस, होतं तसं लिही. बसवाला माझ्या ओळखीचा आहे, तो परत फिरेपर्यंत तुझ्या अंगणात थांबेल. त्याच्याच हाती उत्तर धाड.

तुझी,
गालेबोए