आठ दिवसांची साय आणि चीजचं पाकीट

इंदिरानगर, नाशिक

ती. सौ. मैनाताईस सविताचा नमस्कार.

तुझा गुडघा आता वाकतो का? पेठच्या थंडीनं भावजींचा खोकला वाढला नसेल असं धरून चालते. इकडे सगळे बरे, म्हणजे आजारी कोणी नाही. फोनच केला असता, पण सासूबाई आणि सूनबाई हर्षाली, दोघींचे कान माझ्या फोनलाच असतात, म्हणून कागद घेतला.

सासूबाईंची पद्धत तुला ठाऊक आहे. रोजची साय डब्यात साठवायची, विरजण लावायचं, आठव्या दिवशी लोणी काढायचं. (फ्रिजचा वरचा कप्पा त्यांचा, खालचा हर्षालीच्या चीजचा. मधल्यात माझी कोथिंबीर, तीही दबलेली.) गेल्या रविवारी हर्षालीचे आईवडील नाशिक रोडहून जेवायला आले. तिनं पास्ता करायला घेतला आणि ऐन वेळी क्रीम संपलं. साय म्हणजे क्रीमच की, असं म्हणून तिनं तो आख्खा डबा कढईत ओतला. तिचे वडील म्हणजे भला माणूस. दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाले, "कढी छान झालीय. थोडा भात मिळेल का?" हर्षाली रडवेली झाली. सासूबाई न जेवता आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी (माझ्या मते समेट म्हणून) भाकरीवर चीजची चकती ठेवून तव्यावर गरम केली. प्लास्टिकसकट. हर्षालीला हसू आवरेना. तिथून चीज चांगलं की साय, हा वाद तीन दिवस चालला. ही म्हणे, चीजमध्ये प्रथिनं असतात. त्या म्हणत, सायीवर वाढलेली माझी पोरं काय बुटकी राहिली? (यांची उंची पाहता हा मुद्दा काढायला नको होता.) शेवटी निकाल माझ्याकडे आला. मी दमले होते. म्हटलं, दोन्ही जरा कमीच खावं.

तेव्हापासून दोघी माझ्याशी बोलत नाहीत. आपसांत मात्र झकास जमलंय. काल पोळीवर साय पसरून वर चीज किसलं आणि अर्धी अर्धी खाल्ली. मला कुणी विचारलं नाही. ताई, वाईट वाटलं गं.

तुझी,
सविता

ता. क. आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? एकटीच. खरं तर एवढंच विचारायचं होतं.

आणखी एक ता. क. डिंक आणायला उठले तेवढ्यात हर्षालीनं पत्र वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. मग सासूबाई म्हणाल्या, "इतकी दमलीस, तर आधी सांगायचंस." हर्षालीनं लगेच माझी बॅग भरली. मग स्वतःची. मग त्यांची. शनिवारी पोचतो.