इतूच्या लग्नाच्या ताटातला मोर

मी, किरणबाला जाना, कै. भूधर जाना यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार बाणेश्वरचक, तमलूकजवळ, जिल्हा पूर्व मेदिनीपूर, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला तर सुईत दोरा ओवता येतो, आणि हे मृत्युपत्र करायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझा मुलगा शिबू "आत्ताच कशाला, मा" म्हणत दोन वर्षे टाळत आला आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. अक्षर अनादि मास्तरांचे, शब्द माझे. मास्तरांनी दोन ठिकाणी माझे वाक्य जड केले होते, ते मी पुन्हा हलके करून घेतले.

१. घर. दोन पक्क्या खोल्या, स्वयंपाकघर, वरची गच्ची, तळ्यातला आमचा हिस्सा, दोन नारळ आणि एक फणस, हे सर्व माझ्या यजमानांनी रीतसर माझ्या नावे केलेले आहे. ते मी शिबू आणि माझी मुलगी इतू या दोघांना समसमान देते. पण एका अटीवर. माझी धाकटी जाऊ तरुलता, जिला मी ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून छोटो म्हणते, ती हयात असेपर्यंत दक्षिणेच्या खोलीत राहील, आणि चूल, गच्ची, तळे वापरील. तोवर घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, गहाण टाकायचे नाही. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझा धाकटा दीर देवेन याने, आजारपणात आपला हिस्सा आम्हाला विकला. त्यामुळे कायद्याने तिचे इथे काहीच नाही, हे मला मास्तरांनी समजावले आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

गेल्या दुर्गापूजेला जेवताना शिबू म्हणाला, "मा, तुझ्यानंतर काकीमांना इथे एकटं कसं ठेवायचं? हल्दियाजवळ एक आश्रम आहे, चांगला आहे, बागबीग पण आहे." छोटो म्हणाली, "बाग असेल तर बरंच आहे बाबा," आणि ताटे उचलून तळ्यावर गेली. शिबू वाईट नाही. त्याला या घरातल्या गोष्टी माहीत नाहीत, आणि तो दोष माझा. तो कलम सातमध्ये आहे.

२. कांथा. म्हणजे आमच्याकडच्या गोधड्या, लाकडी पेटीत नऊ आहेत. सगळ्या जुन्या साड्यांच्या, तीन-चार थर एकावर एक घालून, दोराही त्याच साड्यांच्या काठांतून ओढून काढलेला. दोऱ्याची रिळे विकत आणून कांथा शिवणारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही आणि पाहायची इच्छा नाही. तळाशी आहे ती माझ्या आईच्या साड्यांची. ती इतूच्या मुलीला, मिमीला, द्यावी. तिला दिवस गेले आहेत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोरे कापड टोचते, चार बायकांच्या अंगावर झिजलेलेच लागते. सूनबाई रीना म्हणाली होती, "दुकानात किती मऊ ब्लँकेटं मिळतात, मा." मिळत असतील. पण त्यांत कुणाची आई नसते.

बाकीच्या कांथा छोटोच्या. निम्म्या तिनेच शिवल्या आहेत. टाका पाहिला की कळते, तिचा टाका मुंगीएवढा, माझा झुरळाएवढा.

३. घरातल्या वस्तू. पाटा-वरवंटा इतूला. करवंटीचे डाव, ताडपानांचे पंखे, मोडक्या छत्रीच्या कापडाच्या चार पिशव्या आणि वर्तमानपत्राच्या पुड्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात. रीनाला मोकळीक आहे की तिने बिस्किटांचे डबे खुशाल टाकावेत, पण उघडून बघितल्याशिवाय नाही. एकात भूधरबाबूंच्या सदऱ्यांची बटणे आहेत. सदरे फाटले, त्यांची आधी उशीची खोळ झाली, मग पोतेरे झाले, शेवटी चुलीत गेले. बटणे राहिली. कधीकधी दुपारी मी ती हातात घेऊन बसते. ती शिबूने ठेवावीत अशी माझी इच्छा आहे, पण इच्छाच, सक्ती नाही.

४. मुकी मंडळी. मांजर पुंटी घराबरोबरच राहील, कारण ती घराची आहे, आमची कधीच नव्हती. तिला माशाचे डोके द्यावे, काटे नव्हे. भुलू कुत्रा म्हातारा झाला आहे. थंडीत त्याच्या पोत्यात भाताचा पेंढा भरावा. दोन बदके छोटोची. त्यांना विकू नये आणि माझ्या श्राद्धाला तर मुळीच कापू नये.

५. पोस्टातले पैसे इतू आणि शिबूने वाटून घ्यावेत. श्राद्धाला मांडव आणि भोंगा नको. जेवायला घरचीच माणसे. मी आयुष्यभर काटकसर केली, मेल्यावर माझ्या नावाने कोणी उधळपट्टी केली तर मी शांतपणे जाणार नाही.

६. जुनी भांडणे. शेजारचे निमाई भुइयाँ यांनी माझ्या सासूबाईंची विळी नेली आणि टोक मोडून परत केली. वर म्हणतात, आधीच मोडलेली होती. मी त्यांना माफ करते. टोक आधी शाबूत होते.

७. आता जे लिहायला मास्तरांना बोलावले ते.

एकतीस वर्षांपूर्वी पौषात इतूचे लग्न कांथी गावच्या माइती घराण्यात ठरले. मुलीबरोबर जी ताटे जातात त्यांत आमच्याकडे गयनाबडी लागते, म्हणजे दागिन्यांच्या नक्षीचे सांडगे. उडदाची डाळ वाटायची, फेस येईतो फेटायची, फडक्याला पत्र्याची तोटी लावून तिळांच्या थरावर हार, कुड्या, मोर काढायचे आणि कोवळ्या उन्हात वाळवायचे. या घरात फेटणारा हात माझा, काढणारा छोटोचा. मी काढलेला मोर बदक दिसतो.

पण त्याच वर्षी भाद्रपदात देवेन गेला होता. पांढऱ्या साडीतल्या बाईने लग्नाच्या सामानाला हात लावायचा नाही, ही रीत. मी तिला गाठून म्हटले, "छोटो, पहाटे आंघोळ करून गच्चीवर ये. कुणाला कळणार नाही."

"राहू दे, दीदी. काही झालं तर माझ्या माथी येईल."

"मी आहे ना," मी म्हटले.

ती आली. छत्तीस वर्षांची होती. थंडीने बोटे काकडलेली, पण धार कुठे तुटली नाही. तिचा मोर मान मागे वळवून बघतो. तसा आमच्या पंचक्रोशीत कुणी काढत नाही.

डाळ मी आदल्या रात्री भिजवली होती. तिच्यात नव्या डाळीबरोबर गेल्या वर्षीची उरलेली मिसळली होती. पावसाळ्यात दमट झालेली, बुरसा आलेली. मी ती धुतली, उन्हात घातली, आणि म्हटले खपून जाईल. धान्य टाकायला माझा हात धजत नाही. बडी वाळली तेव्हा कडा लालसर दिसल्या, त्यावर मी तीळ भुरभुरले.

कांथीला बडी तळायला घेतली, ती तेलात फुटली आणि कडू लागली. इतूच्या सासूबाईंनी ताट परत पाठवले, सोबत निरोप: "मुलगी ठेवून घेतली आहे, बडी तेवढी परत घ्या." अंगणात बायका जमल्या. कुणीतरी उरलेला मोर उचलून म्हणाले, हा तर छोटोचा. झाले. माझ्या सासूबाई तिच्या तोंडावर म्हणाल्या, "विधवेचा हात लागला, लाल नाही होणार तर काय होणार?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "मी आहे ना" म्हणणारी मी तिथेच होते, आणि एक शब्द बोलले नाही. उरलेली डाळ संध्याकाळी बदकांना घातली. बदकांनीही खाल्ली नाही.

त्यानंतर छोटो बडी घालायला बसली नाही. एकतीस हिवाळे मी एकटी गोल ठिपके घालते आणि ती खाली पायरीवर कांथा शिवते. इतू अजून मंगलकार्यात काकीमांच्या हातचे पाणी घेत नाही. मिमीच्या लग्नात छोटोला मांडवाबाहेर खुर्ची दिली होती. जिने मिमीला तेल लावून वाढवले, तिला. मी मांडवात होते, रेशमी साडी नेसून.

म्हणून लिहून देते: दोष डाळीचा होता, डाळ माझी होती, आणि छोटोच्या हातात कोणताही दोष नव्हता. आजही नाही.

८. हे सातवे कलम माझ्या श्राद्धाच्या दिवशी अनादि मास्तरांनी सर्वांसमोर, विशेषतः इतू आणि तिच्या सासरच्या माणसांसमोर, मोठ्याने वाचावे.

पुरवणी. वरचा मसुदा मास्तर मला वाचून दाखवत होते. सातव्या कलमाला आले तेव्हा छोटो चहा घेऊन दारात उभी होती. मास्तर थांबले. मी म्हटले, वाचा. त्यांनी शेवटपर्यंत वाचले. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून पुंटीकडे बघत विचारले, "ऐकलंस?"

"चहा गार होतोय, मास्तरमोशाय," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डाळीचं. तोटीतून पहिली धार आली तेव्हाच वास आला. जुनी डाळ बोटाला धरत नाही, सुटते."

"मग बोलली का नाहीस?"

"इतूचं लग्न होतं. तुमचं नाव गेलं असतं तर पोरीला सासरी कोणी बोलायचं सोडलं असतं का? माझं त्या वर्षी जायचं ते सगळं आधीच गेलं होतं."

"आणि मग एकतीस वर्षं गच्चीवर पाऊल टाकलं नाहीस, हा राग नाही तर काय?"

"राग कसला, दीदी. तुम्ही बोलावलंच नाहीत. पुढच्या पौषात मी पहाटे आंघोळ करून बसले होते. दोन-तीन वर्षं बसत होते."

मास्तरांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ घातला नाही. मला वाटत होते की ती माझ्यावर रुसली आहे, म्हणून मी हाक मारली नाही. तिला वाटत होते की मीही सासूबाईंसारखेच मानते. एका घरात, एका चुलीवर, एकतीस वर्षे. याला माफी मागायची कशी ते मला येत नाही. मी रडले, एवढे लिहून ठेवते. छोटो रडली नाही. तिने माझा कप उचलून माझ्या हातात दिला.

म्हणून कलम आठमध्ये मी माझ्या हाताने पुढील दुरुस्ती केली आहे. "माझ्या श्राद्धाच्या दिवशी" हे शब्द खोडले, तेथे "येत्या संक्रांतीला" असे लिहिले. "अनादि मास्तरांनी" हे शब्द खोडले, तेथे "मी स्वतः" असे लिहिले. इतूला सासूसह यायचा निरोप आत्ताच फोनवर दिला आहे. बाकी कलमे होती तशीच कायम.

सही: किरणबाला जाना
दोन्ही खाडाखोडींवर माझी वेगळी सही आहे.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. अनादि सामंत, निवृत्त शिक्षक, बाणेश्वरचक
२. निमाई भुइयाँ, शेजारी. कलम सहा वाचून दाखवल्यावरही सही केली.

स्थळ: बाणेश्वरचक, गच्चीवर
दिनांक: ९ जानेवारी २०१९