पाचवं गाणं

दीनाताईस, पुण्याहून तुझ्या शलमोनचा सलाम.

मी दोन वेळ नीट जेवतो, हे आधी मम्मीला सांग. साउंडवाल्याकडचं कामही जमतंय. मारामारीनंतर कॉलेज सोडलं म्हणून पप्पा अजून रागातच आहेत का?

आमच्या रूमवर डिसेंबरात एक रीत आहे. प्रत्येकाने वर्षातला आपला आवडता नवा रॉक अल्बम लावायचा, आणि तो संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी शिलाँगच्या चार पोरींच्या बँडचा लावला. पाचव्या गाण्यात आपल्या चर्चसारखी पेटी वाजते. तिथंच माझा रूममेट जॉय हसला, "शल्या, प्रार्थना सुरू झाली का रे?" मी ताडकन उठलो. पण कॉलेजातल्यासारखा हात उचलला नाही. दारात जाऊन उभा राहिलो, बास.

खरं सांगू? तो अल्बम रूथने सुचवलेला. मी कॉलेज सोडल्यापासून तिचा तेवढा एकच मेसेज. ती आपल्या चर्चच्या क्वायरमध्ये गाते ना अजून? तिला बघायला कुणी येऊन गेलं का?

तिला त्यातलं कुठलं गाणं लई आवडतं, एवढं विचार. पाचवं, म्हणजे माझंच आवडतं म्हणाली, तर नाताळला येतो. दुसरं कुठलं म्हणाली, तरी येतोच. फक्त चर्चमध्ये मागच्या बाकावर बसेन.

तुझा तापट भाऊ,
शलमोन