आबासाहेबांचं जाणं आणि माझं राहणं

माधवनगर, सांगली

प्रिय हंबीरराव,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, शालूवहिनींची साखर आटोक्यात आहे का, वीरधवलला यंदा तरी पलटणीतून सुट्टी मिळाली का, हे सगळं विचारायचं आहेच. पण रीत मोडून आधी माझ्याच प्रकृतीचं लिहितो. मी जिवंत आहे. परवाच्या रविवारी शालूवहिनींचा फोन आला तो आमच्या सुनेने, स्वानंदीने घेतला. ‘आवं, भावजी गेलं म्हनं, खरं हाय का?’ एवढं त्यांनी विचारलं आणि स्वानंदीला रडू फुटलं. मग पलीकडे तुम्ही काय समजायचं ते समजलात. तुमचा दोष नाही. चॅनेलने मागे मालिकेसाठी माझा हार घातलेला फोटो, पुढे समई, वर ‘अखेरचा निरोप’ अशी जाहिरात सोडली होती. त्यातला वार आणि वेळ कुणीतरी कापून टाकली आणि उरलेला मी आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर जाऊन पडलो. दुपारपर्यंत सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. नानासोने तर ‘सुटला बिचारा’ असं लिहिलं. (कशातून, ते त्याला भेटल्यावर विचारणार आहे.) हे तुला फोनवर सांगता आलं असतं, पण या घरात सध्या मला माझ्याविषयी मोठ्याने बोलता येत नाही. का, ते पुढे येतंच.

हळदीच्या पेढीवरची मुनीमकी सुटल्यावर मी ‘सात पिढ्यांची सून’ मालिकेत आबासाहेब नावाचे आजोबा झालो, हे तुला माहीत आहे. माझ्या अभिनयावर भाळून मला घेतलं असा तुझा समज असेल तर तो तसाच राहू दे, पण खरं कारण खर्च. मुंबईहून म्हातारा आणायचा म्हणजे त्याला गाडी, हॉटेल, त्याची पथ्यं, त्याचा डॉक्टर. सांगलीचा म्हातारा एसटीने येतो, डबा घरून आणतो आणि स्वतःचं धोतर नेसतो. साताऱ्याबाहेर, वाईच्या रस्त्याला भाड्याने घेतलेल्या बंगल्यात आमचं शूटिंग चाले. एका भागाला जो खर्च येतो त्यात आमच्या पेढीने अख्खा हंगाम काढला असता, आणि एवढं करून त्या भागात काय होई, तर सून चहाचा ट्रे घेऊन जिना उतरे.

आता आमच्या हिचं, शरयूचं. तिचा विसर वाढत गेला हे तुला मी अर्धवटच सांगितलं होतं. आधी गॅस विसरली, मग पुष्करचं लग्न झाल्याचं विसरली (स्वानंदीला ती बरेच दिवस ‘नर्सबाई’ म्हणत होती), आणि शेवटी मला. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी मी चहा मागितला तर म्हणाली, ‘हे बाहेर गेलेत. आल्यावर या.’ मी तिथेच बसलो होतो. त्यानंतर मी घरात ‘ते गृहस्थ’ झालो. शनिवारी साताऱ्याहून आलो की ती पदर सावरून मला पाणी द्यायची आणि आत निघून जायची.

पण संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागला आणि मी पडद्यावर आलो की, हंबीरराव, ही बाई उजळायची. ‘आले बाई एकदाचे,’ म्हणायची. टीव्हीपुढे कप ठेवायची, ‘किती वाळलात’ म्हणायची, मालिकेतला माझा मोठा मुलगा माझ्यावर ओरडला तर त्याला उलटून बोलायची. एकदा सुट्टीवर असताना मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं सगळं. पडद्यावरच्या मला दूध प्यायला सांगत होती आणि मधूनच माझ्याकडे वळून म्हणत होती, ‘आमचे हे ऐकत नाहीत हो कुणाचं.’ मी म्हटलं, ‘खरं आहे.’ दुसरं काय म्हणणार! तेव्हापासून मी कॅमेऱ्यापुढे आलो की मिनिटभर तरी सरळ समोर बघत असे. दिग्दर्शक ओरडायचा, आबासाहेब, कॅमेऱ्यात बघू नका. त्याला काय सांगू, मी घरी बघतोय म्हणून?

आणि मग आकडे पडायला लागले. दर गुरुवारी मुंबईहून रेटिंग येतं. काही ठरावीक घरांत म्हणे एक यंत्र असतं, कोण काय बघतं ते मोजणारं, आणि ती घरं कुठली हे गुपित. आकडा चांगला आला की जेवणात गुलाबजाम, वाईट आला की आमटी पातळ; आम्ही ताट बघूनच मालिकेची तब्येत ओळखायचो. आमच्याच वेळेला दुसऱ्या चॅनेलवर लहान मुलांची गाण्याची स्पर्धा सुरू झाली आणि आमटीचा तळ दिसायला लागला. तरणी पोरं टीव्ही बघत नाहीत, सुना दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मोबाइलवर बघतात, आणि उरलेल्यांना क्रिकेट. शरयू रोज न चुकता, पापणी न लववता बघायची, पण आमच्या घरात यंत्र नाही. म्हणजे महाराष्ट्रात सगळ्यात मन लावून बघणारी बाई कुठल्याच आकड्यात नव्हती.

मग काटकसर. मालिकेतल्या धाकट्या मुलाला दुबईला पाठवलं (तो नट खरोखर नाशिकला घरी बसला). वाढदिवसाच्या पंगतीत कॅमेरा फिरेल तसे तेच पाहुणे उठून पलीकडच्या पाटावर जाऊन बसले. खर्च सांभाळणारा धवल नावाचा तरतरीत मुलगा होता. तो एक दिवस माझ्याशेजारी बसून माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘काका, तुम्हाला कोमात टाकायचं ठरलंय. संवाद नाहीत, म्हणून पैसे अर्धे.’ मी विचारलं, ‘चेहरा दिसेल ना?’ तो म्हणाला, दिसेल की. मी लगेच हो म्हटलं. माझ्याइतक्या आनंदाने कोमात गेलेला माणूस त्याने पाहिला नसेल. पुढे बरेच दिवस मी साताऱ्यात डोळे मिटून पडून राहिलो आणि इकडे शरयू पडद्यापुढे बसून पंख्याने वारा घालत राहिली.

पण कोमाला पलंग लागतो, सलाइन लागतं, शेजारी नर्स लागते आणि नर्सला पैसे लागतात. शेवटी चॅनेलची प्रियदर्शनी नावाची बाई मुंबईहून आली आणि म्हणाली, आबासाहेब जातील, रविवारी तासाभराचा महाएपिसोड करू. मी तिला बाजूला घेतलं आणि शरयूचं सगळं सांगितलं. जन्मात कुणापुढे पदर पसरला नव्हता, त्या दिवशी पसरला. म्हटलं, बोलवू नका, पैसे देऊ नका, काशीयात्रेला पाठवा, पण मारू नका. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, ग्लिसरीनचं नव्हे. तेवढं मला कळतं. डोळे पुसून ती म्हणाली, ‘काका, किती सुंदर गोष्ट आहे ही! महाएपिसोडच्या वेळी काकूंसमोर एक कॅमेरा लावू. त्या बघताहेत, रडताहेत, आणि मागून तुम्ही येता. अख्खा महाराष्ट्र रडेल. मग तुमचा जुळा भाऊ आणायचं मी चॅनेलच्या गळी उतरवते.’

तुझ्यापासून काय लपवायचं, मी विचार करून सांगतो म्हटलं. जुळा भाऊ म्हणजे पुन्हा रोज साडेसात. सातारा स्टँडवर सांगलीची गाडी येईपर्यंत मी तो विचार केला, आणि माझ्या डोळ्यांपुढे शरयू आली, तोंड उघडं, पदर सुटलेला, आणि खालून पट्टी सरकतेय की हा भाग सादर करत आहेत अमुक मसालेवाले. मी तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. ती चांगली मुलगी आहे. रागावली नाही. ‘मग काका, मंगळवारी मरायला या,’ एवढंच म्हणाली.

मरणाचं शूटिंग दिवसभर चाललं. नाकात कापूस आणि उशाशी उदबत्त्यांचा जुडगा, त्यामुळे ऐन सुनेच्या हंबरड्यात मला शिंक आली आणि कापसाचा बोळा उडून तिच्या मांडीवर पडला. सगळं युनिट हसलं. मीही हसलो. तिरडीला मात्र चारच माणसं आणली होती, पाचवा परवडत नव्हता, आणि त्यातल्या एकाची कंबर धरल्यावर धवलने स्वतः खांदा दिला. वर बघत जाताना मला वाटलं, खरोखरीच्या वेळीही गर्दी साधारण एवढीच असेल.

महाएपिसोडच्या रविवारी आमचा बंदोबस्त चोख होता. पुष्करने केबल काढून ठेवली, स्वानंदीने शरयूपुढे मटार सोलायला दिले, मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या लीलाबाई धावत आल्या, डोळे सुजलेले, आणि शरयूच्या गळ्यात पडून, ‘वहिनी, घात झाला हो, आबासाहेब गेले!’ (त्या बाई वाईट नाहीत. मालिका बघून रडल्या होत्या आणि रडायला सोबत हवी होती. मी कोपऱ्यात बसलोय हे त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांना काय बोलून गेलो ते कळलं. पण तोवर झालं होतं.)

शरयूने मटारांचं ताट बाजूला ठेवलं, न्हाणीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. मी उठून उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्ही खांदा द्यायला आलात ना? लांबून आलात?’ मी म्हटलं, साताऱ्याहून. ‘बसा,’ म्हणाली, ‘चहा करता येणार नाही आता, सुतक आहे.’ आणि माझ्यासमोर बसून माझ्यासाठी रडली. मी रुमाल दिला. माझाच होता, कोपऱ्यावर तिनेच कधीकाळी ‘चिं’ काढलेला. तिने तो डोळे पुसून घडी करून परत दिला. लीलाबाईंनी ओशाळून पिठलंभात आणून दिला. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण द्यायची रीत त्यांनी पाळली. मीही जेवलो. पिठलं उत्तम होतं.

गुरुवारी धवलचा फोन आला. माझ्या मरणाला वर्षातला सगळ्यात मोठा आकडा मिळाला होता. ‘काका, फाडलंत तुम्ही!’ म्हणाला. पुढच्या आठवड्यात आकडा होता त्याच्याही खाली गेला आणि मालिका बंद झाली. म्हणजे मला मारून कुणीच जगलं नाही.

शरयू आता शांत असते. साडेसातला टीव्ही लावा म्हणत नाही. वहिनींना नमस्कार, वीरधवलला आशीर्वाद.

तुझा
चिंतामण

ता. क. – पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. काल शरयूने स्वानंदीला विचारलं, ते गृहस्थ अजून का राहिलेत? माणूस सभ्य दिसतो, पण नवरा नसलेल्या बाईच्या घरात परका पुरुष, लोक काय म्हणतील? कुणी ओळखीच्याने हमी दिली तर बाहेरची खोली देऊ. ‘ह्यांचे एक मित्र होते साताऱ्याकडचे, हंबीरभावजी, फौजेत गेले. ते सांगतील तर चालेल.’ पुष्करचं नाव तिला रोज आठवत नाही, तुझं आठवलं. तेव्हा गुडघा कसाही असो, ये. मिशी काढली असशील तर वाढवून ये. तिला तू मिशीसकट आठवतोस. आणि माझ्या बायकोला सांग की मी चांगल्या घरचा आहे.

ता. क. २ – आल्यावर आधी माझ्या जाण्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. हसू नकोस. ती गेलेल्या माणसाची फार स्तुती करते. अडवू नकोस, मलाही ती पहिल्यांदाच ऐकायला मिळते आहे. माझं नाव मात्र खोटं सांगू नकोस. तिने विचारलं तेव्हा मी चिंतामण असंच सांगितलं. तर म्हणाली, ‘चांगलं नाव आहे. आमच्या ह्यांचंही तेच होतं.’