क्लॅपच्या आधीचा आवाज

४ मार्च १९६८, रोम

आईने ताट माझ्यापुढे आदळलं. "खा, इंजिनियर! मला उपाशी मारायचं तर अंगात ताकद हवी."

आज निर्मात्यांनी, कोमेंदातोरे ही पदवी मिरवणाऱ्या स्काल्फींनी, सगळ्यांसमोर जाहीर केलं - या चित्रपटात आवाज चित्रीकरणातच घ्यायचा. मी घेणार. नंतर बंद खोलीत बसून दुसऱ्याचा आवाज चढवणं बंद. नायिका लोरेदाना वाल्मी स्वतःच्या तोंडाने बोलणार. आजवरच्या तिच्या अकरा चित्रपटांत तिच्याऐवजी आई बोलली आहे. त्या आवाजावर अख्खा देश फिदा. आईला मात्र कोपऱ्यावरचा पाववालाही ओळखत नाही.

"तुला दुसरा स्टुडिओ मिळाला नाही?"

नाही मिळाला. मी आवाज नीट घेते. एवढंच.

११ मार्च

शांतता म्हणजे काय हे इथे कुणाला माहीतच नाही! टेक चालू असताना सुतार खिळे ठोकतो. दिग्दर्शक ओरडतो, "रड! आता रड!" लोरेदाना संवाद पाठ करत नाही. नायकाच्या डोळ्यांत बघत आकडे म्हणते - एकतीस, बत्तीस, तेहतीस. आजवर शब्द नंतर आई भरायची.

मी टेक थांबवला. वर दिव्यांपाशी बसलेला ओतेल्लो म्हणाला, "इंजिनियरबाई, श्वास घेऊ का, की अर्ज करायचा?"

सगळे हसले. ते हसणंही टेपवर आहे.

टेकआधी पाटी आपटून नंबर सांगणारा क्लॅपवाला पुटपुटतो, काही कळत नाही. दृश्याचा नंबर आता मीच माइकवर सांगते.

१२ मार्च

हेडफोनमध्ये कुणीतरी मोर्तादेल्ला सॉसेजची चकती ठेवली होती. पुसला. काम केलं.

२० मार्च

आई बोलत नाही. भांडी बोलतात.

युद्धानंतर आम्ही याच स्टुडिओत निर्वासित म्हणून राहिलो. शूटिंगच्या फ्लोअरवर पुठ्ठ्याच्या भिंती. पलीकडच्याची उचकीसुद्धा आपल्याच घरातली. तिथे आई हळू पण स्वच्छ बोलायला शिकली. मी ऐकायला शिकले. पुठ्ठे निघाले, सिनेमावाले परतले, आणि आई तिथेच आवाजाच्या खोलीत कामाला लागली. तिला वाटतं, मी तिचं घर पाडते आहे.

घर नव्हतं ते. गोदाम होतं.

३ एप्रिल

आज वितरकांना पहिली रिळं दाखवली. लोरेदानाने पडद्यावर तोंड उघडलं - आवाज जाड, जरा घोगरा, खरा. एक वितरक मोठ्याने म्हणाला, "ही कोण बाई बोलतेय?"

"मी! हा माझा आवाज आहे!" लोरेदाना उभी राहिली.

"बाईसाहेब, तुमचा आवाज आम्ही ओळखतो. हा तुमचा नाही."

माझ्या ध्वनिमुद्रणात दोष नाही. तसं कुणी म्हणालंही नाही.

जिन्यात लोरेदानाने मला गाठलं. "तुझी आई इतकी वर्षं माझ्या गळ्यात बसलीय. वाटलं होतं, तू तरी तिला बाहेर काढशील! निरुपयोगी आहेस."

४ एप्रिल

पुन्हा आवाज चढवणार. म्हणजे सगळं फुकट!

आईला बोलावलं. चांगला कोट घालून गेली. परत आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"काय झालं?"

"आवाज म्हातारा झालाय म्हणे. पडद्यावरच्या पोरीला शोभत नाही." मग माझ्याकडे बघून, "खूश?"

नाही म्हणाले. तिने ऐकलं नसावं.

६ एप्रिल

स्काल्फींनी केबिनमध्ये बोलावून टेप लावली. संवाद नाहीत. फक्त मी. "दृश्य चौदा, टेक तीन. दृश्य चौदा, टेक चार."

"ऐक! वीस वर्षांपूर्वीची निवेस!" ते टाळी वाजवत म्हणाले. निवेस म्हणजे आई. लोरेदानाचा आवाज आता मी व्हायचं.

"मी तंत्रज्ञ आहे."

"तंत्रज्ञ पुष्कळ मिळतील, पोरी. तुझं यंत्र बंद. आवाज देणार असलीस तर ये."

टेपचा तो भाग आम्ही कापून टाकतो. कुणी ऐकत नाही. मी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"मला कुठलं सुचतंय! तुझ्या आईने सांगितलं. परवा तुझी टेप ऐकली, निघताना दारात थांबली. म्हणाली, क्लॅपच्या आधी ऐका. आणि हसली."

७ एप्रिल

आई म्हणते, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवीन.

मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या.