शुक्रवारी शिक्का मारू नकोस

प्रिय आई,

फोनवर मी विम्याचं नाव काढलं की तू "सोलायला कालवांची नवी टोपली आली" म्हणून फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. इंचॉनहून संध्याकाळी सुटणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट देतोय. तुझ्या कालवांच्या शेडवरची माल्सुन मावशी तोंग्यॉंगच्या स्टँडवरून घेऊन तुझ्या हातात ठेवील. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तूच म्हणतेस. तरी शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत कपाटातला सहीचा शिक्का बाहेर काढू नकोस.

चुसॉकच्या सणाला मी किती फुशारकी मारली! माझ्या पार्सलच्या व्हॅनचा विमा आपल्या जुन्या एजंट बोकनाम मावशीकडून हलवून दुसऱ्या कंपनीत नेला, तीन लाख वॉन वाचले. जुनं गिऱ्हाईक म्हणजे दावणीची गाय, कुठे जाणार, म्हणून दरवर्षी हप्ता वाढवतात, असंही वर म्हणालो. तू तांदळाच्या करंज्या दाबत होतीस. न बघताच म्हणालीस, "दोन शाळा आणि तीन नोकऱ्या सोडलेल्यानं मला सोडायला शिकवू नये. बोकनामनं तुझ्या बापाच्या मयताला तीन दिवस भांडी घासलीत." सगळे हसले, मीही हसलो. पण माझं बोलणं तुझ्या डोक्यात बसलं. आता तू बोकनाम मावशीकडचा कॅन्सरचा जुना विमा मोडून त्या युनजी नावाच्या नव्या एजंट पोरीकडे निघालीस. हप्ता कमी, रक्कम दुप्पट. शुक्रवारी काम सुटलं की ती कागद घेऊन शेडवर येणार, तू शिक्का मारणार.

आई, व्हॅनचं मी बोललो ते आजही खरं आहे. तिथं निष्ठेला कुणी एक वॉन देत नाही. पण हा विमा तसा नाही गं. याचा हप्ता तू पस्तिशीची असताना ठरला, तो शेवटपर्यंत तेवढाच. नवा काढलास तर पहिले तीन महिने कॅन्सर निघाला तरी ते काही देत नाहीत. आधी ठाऊक असलेलं लपवलं, तर नंतरही नाही. आणि जुना, तू शिक्का मारलास की तिथंच मेला.

हे मला बोकनाम मावशीनं सांगितलं. कुठल्या तोंडानं विचारू असं झालं होतं, पण केला फोन. म्हणाली, "आलास का पळपुट्या? गाडी नेलीस, ने. आईचा विमा मोडू देऊ नकोस. मग तिनं जन्मभर माझ्याशी बोलू नये, चालेल मला." मला वाटलं, ही दलाली बोलतेय. म्हणून युनजीच्याच कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. पार्सलं तशीच व्हॅनमध्ये पडलेली, साहेबाचे फोनवर फोन. तिथल्या माणसानंही तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

तू म्हणशील, तीन महिन्यांचं याला एवढं काय पडलंय. परवा माल्सुन मावशीचा फोन आला होता. रविवारी हमामखान्यात तुझी पाठ घासताना तिच्या हाताला काखेतली गाठ लागली. तू तिचं मनगट धरलंस म्हणे. "पोराला सांगू नकोस. आधी नवा विमा, मग डॉक्टर. दुप्पट मिळाले तर पोरगा एक खोली घेईल, कुठंतरी टिकेल तरी." तिच्यावर चिडू नकोस, ती फोनवर रडत होती. मला खोली नको, आई. शुक्रवारी पहाटेच्या बसनं येतोय. युनजी शेडवर पोचेल तेव्हा आपण दवाखान्यात असू. शिक्का कपाटातच राहू दे. तुला आत नेतील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन. कितीही वेळ लागू दे, उठणार नाही. टिकतो की नाही ते बघच.

तुझाच पळपुटा,
सुंगपिल